आडवं न आलेलं कुत्रं

माझ्या उजव्या खुब्यात एक कृत्रिम सांधा आहे आणि डाव्या दंडाने रेबीजची पाच इंजेक्शनं पचवली आहेत. सांध्याची गरज होती. इंजेक्शनांची नव्हती. मला कुठलंही कुत्रं चावलं नव्हतं, ओरबाडलं नव्हतं, माझ्या आडवंसुद्धा आलं नव्हतं. ते कुत्रं मी कॅज्युअल्टीच्या टेबलावर पडल्यापडल्या, साधारण दीड सेकंदात तयार केलं. तपकिरी रंगाचं, एक कान पडलेला. लोक तपशील विचारत गेले आणि मी देत गेलो.

हे लिहितोय ते अशासाठी, की लूट, मारहाण, हल्ला असल्या कशात तरी सापडून हॉस्पिटलात पोचलेल्या माणसाला दोन गोष्टी वेळेवर कळाव्यात. बिलाचा डोंगर समोर आल्यावर मदत कुठे मिळते, ही एक. आणि ती मिळण्याआधीच आपण ती कशी घालवतो, ही दुसरी. पहिल्या विषयात मी शिकाऊ आहे. दुसऱ्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

साहेब, एक मिनिट

माझं नारायण पेठेत टायपिंगचं दुकान आहे. सुरुवातीला सहा टाइपरायटर होते आणि परीक्षेला बसणारी मुलं होती. मग देशाने दारं उघडली, कॉम्प्युटर आले, मीही कर्ज काढून एक घेतला आणि पहिलं वर्षभर धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल पांघरून ठेवला. ज्यांचे बायोडाटा मी टाईप केले ती मुलं हिंजवडीला गेली, काही तिथून अमेरिकेला गेली. मी आहे तिथेच आहे. आता माझ्याकडे अर्ज येतात. उत्पन्नाचा दाखला, नावातला बदल, फी माफी. 'अपरिहार्य कारणास्तव विलंब झाला' हे वाक्य माझी बोटं मला न विचारता टाईप करतात.

राहायला मी विश्रांतवाडीला. रोज सकाळी साडेसहाला आळंदी रस्त्याच्या कडेने फिरायला जायचो. त्या दिवशी मोटरसायकलवरून दोघं आले. खाकी पँट, तपकिरी बूट, कापलेले केस.

"साहेब, एक मिनिट."

मला साहेब म्हटलं, तिथेच त्यांचं निम्मं काम झालं.

"पुढच्या चौकात मोठी मारामारी झालीय. वरिष्ठ चेकिंगला उभे आहेत. एवढी सोन्याची चेन घालून फिरताय? काढा, कागदात बांधून देतो, खिशात ठेवा."

आता हा प्रकार मला माहीत होता. नुसता माहीत नव्हता, अशा तोतया पोलिसांपासून सावध राहा ही सूचना आमच्या सोसायटीच्या फलकावर मीच लावली होती, ठळक टाईपात, खाली सहीसकट. पण मला वाटायचं, तोतये तोतयांसारखे दिसत असतील. उलट मीच त्यांना सुनावलं, "हे तुमचं खातं लोकांना आधी का नाही सांगत? मी आमच्याकडे बोर्ड लावलाय."

"फार चांगलं केलंत, साहेब. असे नागरिक पाहिजेत."

मी मान पुढे केली. हूक माझ्या हाताला लागत नव्हता, म्हणून चेन त्यानेच काढली.

पुडी हातात आली ती मी लगेच उघडली. आत खडीचे दोन खडे. मोटरसायकल अजून वेग घेत होती. वय एकावन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि मी धावलो. चेनसाठी धावलो असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी धावलो ते 'असे नागरिक पाहिजेत' या वाक्यासाठी. मागच्याचा शर्ट हातात आला. गाडीने मला वीस-पंचवीस पावलं रस्त्यावरून ओढत नेलं, मग त्याने बुटाचा पाय माझ्या छातीवर ठेवून ढकललं आणि दुभाजकाने माझा खुबा अडवला.

एका रिक्षावाल्याने उचलून जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?"

दुखणं प्रचंड होतं, पण डोक्यात दुखणं नव्हतं. डोक्यात नलिनी होती, माझी बायको. ती चेन तिने भिशीच्या पैशांतून माझ्या पन्नाशीला केली होती आणि 'फिरायला जाताना घालू नका' हे शंभरदा सांगितलं होतं. आणि तो फलक होता, माझ्या सहीचा.

"कुत्रं आडवं आलं," मी म्हणालो.

"चावलं?"

"नाही."

"नखं लागली?" पोटरीवर रस्त्याने सोलल्याच्या रेघा होत्या.

"असतील," मी म्हणालो. ती पाच इंजेक्शनं ही अशी आली.

चेन

हाड खुब्यापाशी मोडलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, आत रॉड आणि स्क्रू बसले, आणि बँकेतली ठेव मोडली.

ज्यांना हॉस्पिटलात राहायची वेळ आली नाही त्यांना सांगतो, तिथे पहिली जाते ती लाज. कपडे दुसरं कुणीतरी काढतं, भांडं दुसरं कुणीतरी लावतं. माझ्यासाठी हे सगळं अनुसया मावशी करायची. नर्सिंग होममधली आया. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण आयांना मावशीच म्हणायचं असतं. यवतमाळकडची. नवरा खराडीच्या काचेच्या इमारतींवर गवंडी होता. कमी बोलायची. पाठ पुसताना माझा चेहरा बघत नसे, भिंतीकडे बघायची, म्हणजे मला अवघडायला नको. एवढा विचार मी कधी कुणाचा केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नलिनीने विचारलं, "अहो, चेन कुठाय तुमची?"

"असेल की. ऑपरेशनच्या आधी इथेच काढली असेल कुणीतरी."

बोलताना ते वाक्य हलकं होतं. मला फक्त त्या मिनिटापुरती सुटका हवी होती. नलिनीने सिस्टरला विचारलं, सिस्टरने मॅट्रनला सांगितलं, आणि कपडे कुणी काढले होते याचं उत्तर सोपं होतं. बाहेरच्या बाकावर सगळ्यांसमोर अनुसयाची पिशवी उपडी केली. माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. डबा, कंगवा, बसचा पास आणि शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो, हे मला दिसलं. मग मी डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं.

काहीच न सापडल्यामुळे तिची नोकरी राहिली. पण मॅट्रनने तिला कपडे धुवायच्या कामावर टाकलं. यापुढे पेशंटच्या अंगाला हात लावायचा नाही, असं सांगून. मी घरी जाईपर्यंत एक वॉर्डबॉय माझी पाठ पुसत होता. तो चेहऱ्याकडे बघून पुसायचा.

हाडात पू

घरी आल्यावर सगळं ठीक चाललं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पाचव्या आठवड्यात संध्याकाळी कणकण यायला लागली. सहाव्यात जखम ओली व्हायला लागली आणि मी तिच्यावर हळद दाबली. सातव्यात नलिनीला वास आला.

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथला सर्जन माझ्या मुलीच्या वयाचा. एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाला, "काका, हाडात पू झालाय. रॉड काढावा लागेल, आतलं सगळं साफ करायचं, सहा आठवडे सलाईनमधून अँटिबायोटिक, आणि मग नवा सांधा. म्हणजे दोन ऑपरेशनं."

"आणि नाही केलं तर?"

त्याने नलिनीकडे एकदा बघून घेतलं. "तर पाय जाईल. आणि इन्फेक्शन रक्तात पसरलं, तर मग पायाचा प्रश्नच राहणार नाही."

मुग्धा, आमची मुलगी, मोबाईलमध्ये तोंड घालून उभी होती. ती त्या आजाराबद्दल वाचत असावी, कारण एकदम फोन पर्समध्ये टाकून ती पाणी आणायला गेली आणि पाणी न घेताच परत आली. नलिनीने एकच विचारलं, "केव्हा करायचं?"

"या आठवड्यात."

बिलिंगच्या खिडकीवरून खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद मिळाला. याहून मोठे आकडे मी पुष्कळ टाईप केलेत. पण माझ्या नावासमोर आलेला हा सगळ्यात मोठा होता. ठेव आधीच गेली होती, दुकान भाड्याचं. मुग्धाच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची नावं घालता येत होती. तिने दोन वर्षांपूर्वी फॉर्म आणला होता आणि मी म्हटलं होतं, "पोरीच्या पगारातून माझा हप्ता? मला काय धाड भरलीय?" तो फॉर्म मी परत केला होता, वर त्यातली एक टायपिंगची चूक दाखवून.

आळ

मदतीचं दार नलिनीने शोधलं. कँटीनच्या मागे एक खोली होती, 'समाजसेवा विभाग' अशी पाटी. धर्मादाय रुग्णालयांमध्ये गरिबांसाठी आणि बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी काही खाटा राखून ठेवाव्या लागतात. काहींना पूर्ण मोफत, काहींना सवलतीत. बिल भरायच्या खिडकीवर हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही, विचारावं लागतं. गंमत म्हणजे मला हे माहीत होतं. त्यासाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज मी ढिगाने टाईप केले होते. फक्त ते लोक वेगळे आणि मी वेगळा, अशी माझी समजूत होती.

समाजसेविका तांबोळी मॅडम माझ्या खाटेपाशी आल्या. चाळिशीच्या, पायात स्पोर्ट्स शूज, हातात फाईल. "उत्पन्न किती, काका?"

"तसं बरं चाललंय."

"बरं म्हणजे किती, ते सांगा की," नलिनी म्हणाली. "रेशनकार्ड केशरी आहे, मॅडम. ह्यांनाच ते पांढरं दिसतं."

मॅडमनी कागद चाळले, मग माझ्या कोपरांकडे, गुडघ्यांकडे पाहिलं. वण होते, सगळे एका दिशेने गेलेले.

"कुत्रं आडवं आलं की माणूस एकदा पडतो, काका. तुम्हाला तर कुणीतरी फरपटत नेलेलं दिसतंय. छातीवर मार लागल्याचंही जुन्या कागदात आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "कुणी मारलं असेल तर सांगा. घरातलं माणूस असलं तरी सांगा. घाबरू नका." आणि त्यांनी हळूच नलिनीकडे बघितलं.

"मी?" नलिनी म्हणाली. "ह्यांना?"

"ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

एकोणतीस वर्षं माझे शर्ट इस्त्री करणारी, माझी पथ्यं पाळणारी, सात आठवडे माझा पाय उशीवर ठेवून स्वतः खुर्चीत झोपणारी बाई उठून उभी राहिली. तसा चेहरा मी आधी एकदा बघितला होता. तो तिचा नव्हता, पिशवी उपडी होताना बाकाशी उभ्या असलेल्या अनुसयाचा होता. तेव्हा डोळे मिटायची सोय होती. आता मॅडम माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

"तिने काही केलं नाही," मी म्हणालो. "कुत्रं नव्हतंच."

मग सगळं सांगितलं. साहेब, पुडी, खडे, शर्ट, फलकसुद्धा. सांगताना लक्षात आलं की सगळं मिळून चार मिनिटांचं आहे. सात आठवडे मी चार मिनिटं टाळत होतो.

नलिनी सोन्याबद्दल एक शब्द बोलली नाही. "आणि अनुसया?" एवढंच विचारलं. तिने पर्स उचलली आणि निघून गेली.

कागदावरचं कुत्रं

मॅडमनी मला समजावलं ते जसंच्या तसं देतो, कारण कुणाच्या तरी कामाला येईल. गुन्ह्यात जखमी झालेल्या माणसाला सरकारी भरपाईसाठी अर्ज करता येतो. अर्ज कोर्टाच्या आवारातल्या कार्यालयात घेतात, फी नाही, वकील लागत नाही. चोर सापडलेला असावा लागतो असंही नाही. पैसे यायला वेळ लागतो, पण तातडीची गरज असेल तर काही रक्कम आधी मागता येते. "सवलतीच्या खाटेचं मी बघते," त्या म्हणाल्या, "अर्धं बिल तरीही तुमच्यावर येणार. भरपाईच्या अर्जाची पोच आणलीत, तर बाकीच्यासाठी मुदत द्या असं मी आमच्या समितीला सांगू शकते. पण पोलिसात गुन्हा नोंदलेला हवा. आणि तुमच्या कागदांवर कुत्रं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार जगताप जबाब घ्यायला आले. नलिनी आदल्या संध्याकाळी परतली होती, ती न बोलता. रात्रीचं जेवण वाढावं तसं तिने एक वाक्य माझ्यापुढे ठेवलं होतं, "तिला उद्या बोलावलंय." बस.

जगतापांनी शांतपणे सगळं ऐकलं, कागद वाचले आणि पेन बंद केलं.

"काका, इथे कुत्रं लिहिलंय. कुत्र्यावर गुन्हा कसा दाखल करू?"

"ते मी खोटं सांगितलं होतं."

"आणि आता खरं सांगताय. सात आठवड्यांनी. बिल आल्यावर. मी नाही म्हणत, पण वरचा कुणीही विचारेल ना?" त्यांनी मान खाजवली. "तोतयांचा बोर्ड लावायला आम्ही सगळ्या सोसायट्यांना सांगितलं होतं. तुमच्याकडे लावला नव्हता का कुणी?"

"लावला होता."

"कुणी?"

"मी."

जगताप खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे थोडे हलत होते. पण बाहेर आवाज आला नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग वळून म्हणाले, "त्या दिवशीचं काहीतरी द्या मला. कुणाला बोललात? रिक्षावाल्याला? डॉक्टरला? कुणाला तरी?"

"कुणालाच नाही."

"बोलले होते," दारातून आवाज आला.

अनुसया उभी होती. नलिनी तिच्या मागे.

"आपरेशन झाल्यावर, गुंगीत," ती जगतापांना म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. "ते पोलीस नव्हते, ते पोलीस नव्हते, असं तीनदा. मंग म्हणे, पुडीत खडे निघाले. अन् म्हणे, नलूला सांगू नका. आन् यांचे कपडे मीच काढले. सदरा पाठीवर नाही, पोटावर फाटला होता. गळ्यात चेन नव्हती. आले तवाच नव्हती."

जगतापांनी पेन उघडलं. "मग तेव्हाच का नाही बोललात? तुमची पिशवी तपासली म्हणे."

"गुंगीतलं पेशंटचं बोलनं बाहेर न्यायचं नसते. कामाले लागली तवा पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरनं शिकवलं. माणूस काहीबी बोलते. कोनी घरचं बोलते, कोनी दुसऱ्या बाईचं नाव घेते. ते तिथंच ठेवायचं असते."

"स्वतःवर आळ आला तरी?"

"मले वाटलं, हे सांगतीन. जागे होते न हे. डोळे मिटून होते, पन जागे होते. झोपलेल्या माणसाचा श्वास मले समजते, रोजचं काम आहे. म्हनून मी थांबली. आता उठतीन, आता सांगतीन."

मी कोपरावर रेटून उठायला बघितलं.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. "मला माफ करा."

"इथं कायले म्हनता?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "इचारलं तिथं होतं. सगळ्यांसमोर. काल ताईनं येऊन सांगतलं, तर मॅट्रनबाई म्हने, सापडली का चेन, बरं झालं. अजून मी धुण्यालेच आहो."

तिने जबाबाखाली सही केली. ठसठशीत अक्षर. मग जगतापांना विचारलं, "जाऊ? दुपारची पाळी हाये," आणि गेली.

विलंबाचं कारण

त्या जबाबावर गुन्हा नोंदला गेला. दुपारी मुग्धा लॅपटॉप घेऊन खाटेशी बसली आणि मी भरपाईचा अर्ज सांगायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा टाईप दुसरं कुणी करत होतं. 'तक्रारीस विलंब होण्याचे कारण' आलं, तसं मी म्हणालो, "लिही, अपरिहार्य कारणास्तव."

"बाबा."

"काय बाबा? असंच लिहितात."

"लोक लिहितात. तुम्ही काय झालं ते सांगा."

तिची बोटं कीबोर्डवर थांबलेली. मग म्हणालो, "लिही. फसलो याची मला लाज वाटली, म्हणून मी डॉक्टरांना आणि घरी खोटं सांगितलं. त्यामुळे एका निरपराध बाईवर चोरीचा संशय आला. तो दूर करायलाही मी बोललो नाही."

"शेवटचं अर्जात लागत नाही, बाबा."

"लागतं," खुर्चीतून नलिनी म्हणाली. आदल्या संध्याकाळच्या त्या एका वाक्यानंतर माझ्याशी संबंधित असं ती पहिल्यांदाच बोलली होती.

मुग्धा स्वतः कोर्टात जाऊन अर्ज देऊन आली. गोल शिक्का मारलेली पोच मॅडमनी फाईलला लावली, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लावला, आणि तिसऱ्या दिवशी माझा रॉड निघाला. सहा आठवडे सलाईन, मग सांधा. त्यातल्या वेदनांबद्दल लिहीत नाही. ज्याला येतील त्याला कळतील, बाकीच्यांना उगाच कशाला. भीतीबद्दल मात्र सांगतो. ती पहाटे यायची, जंतू उरले असतील का, या प्रश्नासारखी. आणि नलिनी पुन्हा माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलायला लागली तेव्हा निम्मी झाली. ते व्हायला सलाईनचे तीन आठवडे गेले. पहिलं पूर्ण वाक्य होतं, "ते तपकिरी कुत्रं, त्याचा एक कान पडलेला होता हे तुम्हाला सुचलं तरी कसं?"

भरपाईची काही रक्कम पुष्कळ महिन्यांनी आली. सगळं भागलं नाही. उरलेलं अजून हप्त्याने देतोय आणि हॉस्पिटल घेतंय. पाय माझाच आहे, दीड बोट आखूड. चोर सापडलेले नाहीत.

कुणावर अशी वेळ आलीच, तर एवढंच करा. कॅज्युअल्टीत 'कसं लागलं' असं विचारतील, त्याला खरं उत्तर द्या. कितीही बावळटासारखं वाटलं तरी. डॉक्टर हसायला बसलेले नसतात, ते लिहायला बसलेले असतात, आणि त्यांनी लिहिलेलं पुढे सगळीकडे तुमच्या आधी पोचतं. बिलं, गोळ्यांच्या पावत्या, सगळं ठेवा. समाजसेवा विभाग कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. शेवटच्या दिवशी नको.

बाकावर

वॉकर घेऊन घराबाहेर पडायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी रिक्षाने नर्सिंग होममध्ये गेलो. नलिनी म्हणाली, "मी येते, पण बोलणार नाही." मी भाषण पाठ केलं होतं, चांगलं तीन परिच्छेदांचं.

सकाळची ओपीडी होती. बाक भरलेले, रिसेप्शनची मुलगी नावं पुकारत होती. मॅट्रन टेबलाशी होत्या. मागच्या दारात, ओल्या चादरींची बादली घेऊन, अनुसया.

मी वॉकर मधोमध उभा केला आणि तीन परिच्छेद विसरलो.

"मॅट्रनबाई," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच, "माझी चेन इथे कधी आलीच नव्हती. ती मी रस्त्यावर चोरांच्या हातात स्वतः दिली होती. मला ते माहीत होतं. ह्यांची पिशवी तपासली तेव्हा मी आत जागा होतो. मी खोटारडा आहे. ह्या नाहीत."

बाकावरच्या एका आजोबांनी कानाचं मशीन नीट केलं. रिसेप्शनची मुलगी पुढचं नाव पुकारायचं विसरली. मी तसाच उभा होतो, आणि नलिनीने बोलायचं नाही असं ठरवलं असल्याने मला बाकावर नुसतंच ढकललं.

अनुसयाने बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं, माझ्यासमोर वाकली आणि दोन्ही हातांनी माझा उजवा पाय उचलून त्याच्यावर ठेवला.

"लटकता नका ठेवू," ती म्हणाली. "सुजते."

मॅट्रननी ते पाहिलं. अनुसयाने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात माझ्या पायावरून काढला नाही. सूज किती आहे ते ती घोट्यापासून वरपर्यंत दाबून बघत राहिली.

"अनुसया," मॅट्रन थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते झालं की चार नंबरच्या आजीचं अंग पुसून घे."